मोंगल साम्राज्य आणि बाजारातील पत

चंगीझखानाचे नाव ऐकताच बेचिराख नगरे डोळ्यांपुढे उभी राहतात, व ते अकारण नाही. परंतु या साम्राज्याच्या उदयास्ताकडे व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिल्यास निराळाच बोध होतो.

इ. स. १२०६ मध्ये मोंगल टोळ्यांनी तेमुजिनास ‘चंगीझखान’ ही पदवी देऊन आपला अधिपती केले. १२१८ मध्ये त्याने ख्वारिझमच्या राज्यात धाडलेला व्यापारी तांडा ओत्रारच्या सुभेदाराने लुटला व व्यापाऱ्यांस ठार मारले. पुढे वकिलाचाही वध झाला, तेव्हा चंगीझखान चालून गेला आणि बुखारा व समरकंद उद्ध्वस्त झाली.

त्याच्या वंशजांच्या काळी चीनपासून इराणपर्यंतचे मार्ग एका घराण्याच्या सत्तेखाली आले. टप्प्याटप्प्यावर डाकेचे घोडे सज्ज असत. राजघराणे व्यापाऱ्यांस भांडवल देऊन नफ्यात वाटेकरी होई. १२५९ मध्ये मोंगकेखान वारला व वारसाच्या कलहातून साम्राज्याचे हळूहळू चार भाग झाले.

कुब्लाईखानाने १२६० मध्ये चीनमध्ये रुप्याच्या आधारावर कागदी चलन काढले, ते चालले. त्याचे अनुकरण करून इराणच्या गैखातूने १२९४ मध्ये तब्रीझ येथे तसेच चलन सक्तीचे केले. पण त्याचा खजिना रिकामा होता. दुकाने बंद पडली, बाजार ओस पडला आणि हुकूम लवकरच मागे घ्यावा लागला. चीनमध्येही पुढे आधाराविना नोटा निघाल्या. महागाई, पूर व बंडे यांनी राज्य पोखरले आणि १३६८ मध्ये मोंगल बादशहा राजधानी सोडून पळाला.

तलवारीच्या धाकाने नगरे जिंकता आली. बाजारातील पत मात्र सचोटीच्या व्यवहारानेच मिळवावी लागते.