एकतर्फी हार आणि पाठीराख्याचा संताप

पवईचा तलाव तयार झाला तो 1891 च्या सुमारास. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नायस्मिथ नावाच्या एका व्यायामशिक्षकाने सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून एक नवा खेळ सुरू केला. त्या तलावाची व ह्या खेळाची गाठ पुढे पडली. आयआयटी मुंबई ही संस्था 1958 साली सुरू झाली. 1959 च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पवईस तिची कोनशिला बसली. आणि देशातील आयआयटी संस्थांचे वार्षिक क्रीडामेळे भरू लागल्यावर बास्केटबॉल हा तेथील तरुणांच्या जिव्हाळ्याचा विषय होऊन बसला.

अशाच एखाद्या सामन्याची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणावी. सामना संपला आहे. फलकावर आकडे आहेत 78 आणि 31. हरलेले खेळाडू प्रतिपक्षाशी हस्तांदोलन करतात, घाम पुसतात आणि थोड्या वेळाने भोजनगृहात हसतखेळत जेवतानाही दिसतात. परंतु चाळीस मिनिटे घसा कोरडा करणारा त्यांचा पाठीराखा मात्र न जेवताच खोलीवर परततो. सोबती म्हणतो, “अरे, खेळच तो! हरले तर हरले.” त्यावर त्याला जे उत्तर मिळते ते येथे सांगण्याजोगे नसते. ज्याने चेंडूला हातही लावला नाही, त्याच्या जिव्हारी एवढा घाव का बसावा? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु मनुष्यस्वभावाचा एक मोठा धागा त्यात गुंतलेला आहे.

प्रथम त्या आकड्यांकडेच पाहू. पाठीराख्याला वाटते की सत्तेचाळीस गुणांनी हरणे म्हणजे सत्तेचाळीस पटींनी नालायक ठरणे. वस्तुस्थिती तशी नाही. बास्केटबॉल हा फार थोड्या अंतराचे फार मोठे अंतर करून दाखविणारा खेळ आहे. एका सामन्यात प्रत्येक संघाला चढाईची संधी साधारण सत्तर वेळा मिळते असे धरावे. एक संघ दहांपैकी पाच चढायांत यशस्वी होतो, दुसरा तीन चढायांत. एकेका चढाईपुरते पाहिले तर हा फरक डोळ्यांत भरणारा नाही. परंतु सत्तर चढायांचा हिशेब केला की पहिल्याच्या पदरी 35 यशस्वी फेकी पडतात, दुसऱ्याच्या 21. आणि दोन-दोन गुण धरले तर निकाल लागतो 70 विरुद्ध 42. फुटबॉलमध्ये संधी थोड्या, गोल त्याहून थोडे. तेथे दुबळ्या संघालाही दैवाने एखादा गोल मिळून जातो व तो जिंकतो. बास्केटबॉलमध्ये दैवाला एवढी मोकळीक नसते. सत्तर वेळा नाणे फेकले की खोटे नाणे उघडे पडतेच.

त्यातून गळती सुरू झाली की ती थांबत नाही. मागे पडलेला संघ घाई करतो. घाईत चेंडू निसटतो. निसटलेला चेंडू प्रतिपक्षाला मोकळ्या टोपलीपाशी नेऊन पोचवितो. आणि त्या गुणांमुळे घाई आणखी वाढते. पूर्वी अशा संघाला एक ढाल होती. चेंडू आपल्याच हाती खेळवीत ठेवून वेळ काढावा, म्हणजे हार झाली तरी लहान होई. ह्या युक्तीचा कळस 1950 साली अमेरिकेत झाला. फोर्ट वेन व मिनिआपोलिस ह्या व्यावसायिक संघांचा सामना 19–18 अशा आकड्यांवर संपला. प्रेक्षक कंटाळले, धंदा बुडू लागला; आणि 1954 साली तेथील व्यावसायिक खेळात 24 सेकंदांच्या आत टोपलीकडे चेंडू फेकलाच पाहिजे असा नियम झाला. आंतरराष्ट्रीय खेळातही आज तीच मर्यादा आहे. खेळ त्यामुळे वेगवान झाला खरा, परंतु दुबळ्याची ढाल गेली. नायस्मिथचा पहिलावहिला सामना अवघ्या 1–0 ने संपला होता, हे आज कोणाला खरे वाटणार नाही.

मुळातला फरक कोठून येतो, हेही उघड आहे. मुंबईत नागपाड्यासारख्या वस्तीत मुले लहानपणापासून हा खेळ खेळत आली. भारताच्या संघाचे एकेकाळचे कर्णधार अब्बास मुंतसिर ह्यांना 1970 साली अर्जुन पुरस्कार मिळाला, ते ह्याच नागपाड्याचे. दहाव्या वर्षी हाताला लागलेले वळण आणि विसाव्या वर्षी, परीक्षांच्या सवडीतून, लावून घेतलेले वळण ह्यांत अंतर राहणारच. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

परंतु गणित पटले म्हणून संताप शमतो असे नाही. कारण तो गणितातून निघालेलाच नसतो. 1976 साली रॉबर्ट सियाल्डिनी ह्या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे एक मौजेचे निरीक्षण प्रसिद्ध केले. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. आणि सामन्याविषयी विचारले असता, जिंकल्यावर “आम्ही जिंकलो” असे म्हणण्याकडे कल असे, हरल्यावर “ते हरले” असे. परावर्तित प्रकाशात ऊब घेण्याची ही रीत सर्वत्र सारखीच आहे. लग्नाच्या पंगतीत यशस्वी चुलतभावाची आठवण सर्वांना होते. दिवाळे निघालेल्याची होत नाही.

खरा पाठीराखा मात्र “ते हरले” असे म्हणून सुटू शकत नाही, आणि तेथेच त्याचे दुःख आहे. 1992 साली एडवर्ड हर्ट व त्याच्या सहकाऱ्यांनी इंडियाना विद्यापीठातील बास्केटबॉलच्या निष्ठावंत चाहत्यांवर प्रयोग केले. सामना पाहून झाल्यावर त्यांना विचारण्यात आले की, अमुक कोडी तुम्हांला किती सुटतील, तमुक नेम किती साधतील. संघ हरलेला पाहिल्यावर चाहत्यांनी संघाच्या भवितव्याविषयीच नव्हे, तर स्वतःच्या कुवतीविषयीही कमी अपेक्षा व्यक्त केल्या! मैदानावर हरले दुसरेच. खाली आला तो ह्यांचा स्वतःविषयीचा भरवसा. पवईचा तो विद्यार्थी उपाशी झोपतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला आपली प्रयोगवहीही कच्ची वाटू लागते, ह्याचे मर्म हे आहे. खेळाडूला पुढच्या चढाईत काही करून दाखविण्याची वाट तरी असते. पाठीराख्याला घाव आहे, पण हात नाही. हात नसलेल्या माणसाचा राग जिभेवाटे बाहेर पडतो, आणि तो बहुधा आपल्याच संघावर पडतो.

मग त्याच्या हाती काहीच नाही काय? एक गोष्ट आहे: अखेरपर्यंत बसून राहणे. तिचे मोल किती, हे महाराष्ट्राच्या क्रिकेटमधील दोन प्रसंग सांगतील.

1948 च्या डिसेंबरात पुण्यास महाराष्ट्र व काठेवाड ह्यांचा रणजी सामना झाला. काठेवाडच्या 238 धावांना महाराष्ट्राने 4 बाद 826 असे उत्तर दिले होते. भाऊसाहेब निंबाळकर 443 धावांवर नाबाद होते आणि ब्रॅडमनच्या 452 ह्या तेव्हाच्या विश्वविक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी होत्या. काठेवाडच्या कर्णधाराने तेथेच सामना सोडून दिला. मानखंडना टळली असे त्याला वाटले असेल. परंतु लोकांच्या लक्षात राहिली ती मार खाल्लेली गोलंदाजी नव्हे, तर मैदान सोडून जाणे.

दुसरा प्रसंग पाच वर्षे आधीचा, 1943 च्या डिसेंबरातील, मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवरचा. पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीत हिंदू संघाने 5 बाद 581 धावा केल्या; रेस्ट संघ 133 धावांत कोसळला व त्याला पुन्हा फलंदाजी करावी लागली. हार ठरलेलीच होती. तरीही विजय हजारे उभे राहिले. संघाच्या 387 धावांपैकी 309 त्यांच्या एकट्याच्या झाल्या. धाकटा भाऊ विवेक ह्याने दुसरी बाजू धरली. दोघांच्या 300 धावांच्या भागीत त्याच्या धावा होत्या अवघ्या 21. एक डाव आणि 61 धावांनी रेस्ट संघ हरलाच. परंतु पहिला डाव आटोपताच निकाल ठरला असे समजून जो प्रेक्षक घरी निघून गेला असेल, त्याने काय गमावले हे त्याला जन्मभर सलले असेल.

एकतर्फी सामन्यात निकाल लवकर लागतो, खेळ मात्र चालूच असतो. चाळीस गुणांनी मागे असताना एखादा नवखा खेळाडू चेंडूमागे जमिनीवर झेप घेतो; ते पाहणारे कोणी असले तर तो पुढच्या वर्षी पुन्हा मैदानावर येतो, नसले तर कदाचित येत नाही. रिकाम्या पायऱ्या गुणफलकापेक्षा अधिक लागतात. पाठीराख्याचा संताप खोटा नाही. ती आपलेपणाची किंमत आहे, आणि ज्याला हरल्याचे काहीच वाटत नाही त्याला जिंकल्याचा आनंदही उसनाच मिळतो. ती किंमत खेळाडूंकडून वसूल न करता त्याने स्वतः चुकती करावी, शेवटच्या शिट्टीपर्यंत जागेवर बसावे, आणि मग जेवून घ्यावे.