बिबट्याची तडीपारी

एखाद्या वस्तीत चोऱ्या-मारामाऱ्या वाढल्या की सराईत गुन्हेगाराला तडीपार केले जाते. ठराविक मुदतीसाठी त्याला हद्दीबाहेर घालवतात. लोकांना हायसे वाटते. पण वस्ती खरोखर सुरक्षित झाली का, हे हायसे वाटण्यावरून ठरत नाही. त्यासाठी तडीपारीच्या आधी वर्षाला किती गुन्हे होत होते आणि नंतर किती झाले, हे मोजावे लागते. शिवाय तो इसम जिथे गेला, तिथे काय झाले, हेही पाहावे लागते.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या परिसरात हाच उपाय बिबट्यांवर करून झाला आहे. त्याचा हिशेब प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी फळ्यावर मांडावा असा आहे.

उसातला रहिवासी

कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे या धरणांचे पाणी कालव्यांनी शेतात आले आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. ऊस बारा ते अठरा महिने शेतात असतो. आत दाट सावली, गारवा आणि माणसाचा वावर नाही. बाहेर वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरे. बिबट्याला आणखी काय हवे? शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातील सुमारे ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा आढळला, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता.

मादी उसातच पिल्ले घालते. तोडणी सुरू झाली की फडात पिल्ले सापडतात, ती यामुळेच. म्हणजे यांतल्या अनेक बिबट्यांनी जंगल पाहिलेलेच नसते. ‘जंगलातून वाट चुकून आलेला बिबट्या’ ही आपली समजूत इथे लागू पडत नाही, आणि त्याला ‘घरी’ नेऊन सोडण्याची कल्पनाही.

आधी चार, नंतर सतरा

२००१ पासून जुन्नर भागात शेतांत पिंजरे लावून बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडले गेले आणि त्यांपैकी बरेच आसपासच्या जंगलांत सोडले गेले. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळातील नोंदी तपासून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मोहीम सुरू झाल्यावर ही सरासरी १७ झाली.

मुलांना शेकडेवारी काढू द्या. वाढ १३ ची. १३ भागिले ४, गुणिले १००. म्हणजे ३२५ टक्के. हल्ल्यांपैकी जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “सर, कदाचित त्याच वर्षांत बिबटे वाढले असतील!” शंका रास्त आहे. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण बिबटे जिथे सोडले त्या जागांजवळही हल्ले झाल्याचे दिसले. त्यामुळे संशय स्थलांतराकडेच वळतो.

असे का व्हावे?

बिबट्याचा स्वतःचा इलाखा असतो. पाणवठे, लपण्याच्या जागा आणि माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला पाठ असतात. त्यामुळेच तो माणूस टाळू शकतो. पिंजऱ्याचा ताण सोसलेले हे जनावर अनोळखी मुलखात सोडले, की हे सारे ज्ञान निरुपयोगी ठरते. इकडे रिकाम्या झालेल्या इलाख्यात दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या येतो.

शिवाय सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहतोच असे नाही. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला गळ्यात यंत्रपट्टा बांधून माळशेज घाटात सोडले होते. तो ‘आजोबा’ सुमारे महिनाभरात जवळजवळ १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला.

सरासरीत न दिसणारे मूल

पोलिसांच्या आकडेवारीत गुन्ह्यांचा दर एक लाख लोकसंख्येमागे देतात. जुन्नर तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४ लाख होती. समजा, तिथे वर्षात एक बळी गेला. दर आला लाखाला पाव. आकडा नगण्य वाटतो. पण बाजारपेठेतल्या दुकानदाराचा आणि उसाला लागून असलेल्या कोपीतल्या मुलाचा धोका सारखा नसतो. सरासरी हा फरक पुसून टाकते.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबुत परिसरात वीस-बावीस दिवसांत तीन बळी गेले. एक लहान मुलगी, एक वृद्ध स्त्री आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. लोक संतापले. हा संताप अडाणीपणाचा नव्हता. पुढे वनखात्याने एक बिबट्या गोळी घालून ठार केला. माणसांवर पुनःपुन्हा हल्ला करणारे एखादे जनावर हटवावेच लागते. मात्र दिसेल तो बिबट्या पकडून दूर सोडणे हा निराळा उपाय आहे, आणि वरचा हिशेब त्याच्याविरुद्ध जातो.

वर्गात काय करावे?

मुलांकडून आपल्या वस्तीचा नकाशा काढून घ्यावा. घरे, ऊस, गोठे, उकिरडा, शौचाला जाण्याच्या जागा, विजेचे दिवे आणि शाळेची वाट त्यात दाखवावी. प्रत्येक वाटेवर कोण, किती वाजता आणि एकटे जाते का, हे लिहावे. मग उसाच्या कडेची आणि अंधारातली ठिकाणे तांबड्या खडूने रंगवावीत. उपाय नकाशातूनच निघतात : गोठा रात्री चारही बाजूंनी बंद असावा, उकिरडा घरापासून दूर असावा म्हणजे कुत्री जमणार नाहीत, उसाच्या कडेला खाली बसू नये, रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी हवी आणि सोबतही. पिल्ले सापडली तर हात न लावता वनखात्याला कळवावे; आई जवळपासच असते. धोका संध्याकाळपासून सकाळपर्यंत अधिक असला, तरी २०२५ च्या घटनांनी दाखवून दिले की लहान मूल दिवसाही उसाजवळ एकटे असू नये.

नकाशा पुरा झाला की एक काम उरते. तांबड्या रेघेवरून एकटे शाळेत येणारे मूल कोणते, ते शोधावे आणि उद्यापासून त्याच्यासोबत कोण चालेल, हे वर्गानेच ठरवावे.