वीज कंपनी बदलता येते का?

मुंबईच्या उपनगरांत ग्राहक टाटा की अदानी, हे ठरवू शकतो. यवतमाळात घरगुती वीज देणारी कंपनी एकच, महावितरण. खुल्या बाजारातून हरित वीज घेण्याची २०२२ ची केंद्रीय नियमावली किमान १०० किलोवॉटच्या ग्राहकासाठी. तीन खोल्यांच्या घराला तिचा काय उपयोग!

मग उरतं छत. कोळसा काढणाऱ्या वणीतही ऊन फुकटच आहे. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत छतावरच्या सौर पॅनेलसाठी १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा त्याहून अधिकला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. किलोवॉटमागे साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. उरलेली वीज नेट मीटरमधून महावितरणकडे जाते, बिलातून वजा होते.

ऊन कडक तितकी वीज जास्त, हे मात्र अर्धसत्य. पॅनेल २५ अंशांपलीकडे तापलं की दर अंशाला क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते.

आणखी एक. लाइन गेली की बॅटरी नसलेली यंत्रणाही बंद पडते. खांबावरच्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून. तेव्हा घरातला जुना इन्व्हर्टर इतक्यात भंगारात काढू नका.