शिकाऊ हातांचा हिशेब

प्रत्येक नेत्रशल्यचिकित्सक पहिली शस्त्रक्रिया कुणाच्या तरी डोळ्यावरच करतो. त्याला इलाज नाही. पण शिकाऊ हातून किती बिघडते हे मोजले, तर ते कमी करता येते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ते मोजले. 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मोतीबिंदूच्या सुमारे 80 हजार शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या अनुभवानुसार वेगळ्या काढल्या होत्या. सरसकट पाहिले तर फेको आणि हाताने भिंग काढण्याची छोट्या छेदाची पद्धत, दोन्हींत गुंतागुंत एक टक्क्याच्या आसपासच. शिकाऊंपुरते पाहिले तर फेकोत 4.8 टक्के आणि छोट्या छेदात 1.46 टक्के! फेकोत कंप पावणारी सुई भिंगाचा गर डोळ्याच्या आतच फोडून ओढून घेते, आणि गरामागे काही मायक्रॉन जाडीची पिशवी असते. सुई क्षणभर पुढे सरकली की ती फाटते. छोट्या छेदात गर अखंड बाहेर येतो. म्हणून नव्या डॉक्टरचा हात आधी इथे बसावा, हे मला पटते.

यावर कुणी म्हणेल, ही काटेकोर चाचणी नव्हे, नोंदींचा अभ्यास आहे. कुणाच्या वाट्याला कसा डोळा आला यावर आकडे हलणारच. खरे आहे. पण पिकलेले, कठीण मोतीबिंदू बहुधा छोट्या छेदाकडेच जातात, तरीही तफावत तिपटीहून जास्त आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: फेकोनंतर चष्म्याविना जास्त चांगले दिसते. पुण्यात 400 डोळ्यांवर झालेल्या आणि 2005मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांनी चष्म्याविना 6/18 किंवा त्याहून चांगली नजर फेकोच्या 81 टक्के, तर छोट्या छेदाच्या 71 टक्के डोळ्यांना होती. चष्मा लावल्यावर मात्र दोन्हीकडे 98 टक्के. त्यामुळे फेको शिकवूच नये असे कोण म्हणेल? प्रश्न क्रमाचा आणि सरावाचा आहे. ब्रिटनमध्ये आभासी यंत्रावरचा सराव आल्यानंतर पहिल्या दोन वर्षांतल्या शिकाऊंच्या हातून पिशवी फाटण्याचे प्रमाण 4.2वरून 2.6 टक्क्यांवर आले. तेही मोजले म्हणूनच कळले.

असे यंत्र महाग असते, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला परवडणार नाही. शस्त्रक्रियेच्या नोंदवहीत डॉक्टरच्या प्रशिक्षणाचे वर्ष आणि झालेली गुंतागुंत असे दोन रकाने वाढवायला मात्र काही खर्च येत नाही. ते आकडे दरवर्षी जाहीर करण्याची अट विद्यापीठांनी घालावी.