बाजाराची खबर आणि आपले दुकान

धार जिल्ह्यात कुक्षीजवळ डही नावाचे तालुक्याचे गाव आहे. नर्मदेच्या खोऱ्यातील ह्या गावी होळीपूर्वीच्या आठवड्यात भगोरियाचा हाट भरतो आणि आसपासच्या पाड्यांवरील भिल्ल व भिलाला कुटुंबे तेथे लोटतात. अशा कोणत्याही हाटातील जुना विक्रेता गोणी सोडण्यापूर्वी एक फेरी मारून येतो. शेजारी मिरची कोणत्या भावाने चालली आहे, कोणाच्या मालाविषयी गिऱ्हाईक कुरकुरत आहे, हे कानांवर पडले म्हणजे मग तो आपला भाव ठरवितो. बाजाराची खबर ठेवणे ह्यात लबाडी नाही. तो व्यापाराचा पहिला धडाच होय.

परंतु आता बाजारातील पुष्कळशी बोलणी हाटाबाहेर होऊ लागली आहेत. परगावचा प्रवासी खाणावळ किंवा मोटारदुरुस्तीचे दुकान शोधताना प्रथम आपल्या मोबाइलला विचारतो. तेथे कोणी अपरिचिताने दोन ओळी लिहून ठेवलेल्या असतात. त्या चांगल्या असल्या तर गिऱ्हाईक येते. वाईट असल्या तर परस्पर पुढे निघून जाते. दुकानदाराला मात्र आपले गिऱ्हाईक का तुटले ह्याचा पत्ता लागत नाही. समोर येऊन भांडणारा गिऱ्हाईक परवडला, कारण त्याचे समाधान करता येते. न बोलता जाणाऱ्याचे काय करावे?

बातमी लवकर मिळविण्याची धडपड नवी नाही. 1850 साली पॉल ज्युलियस रॉयटर ह्या गृहस्थाने आखेन व ब्रुसेल्स ह्या शहरांच्या दरम्यान कबुतरांकरवी बाजारभाव पोहोचविण्यास आरंभ केला. मध्ये तारेची लाइन नव्हती आणि कबुतर आगगाडीच्या पुढे जात असे. त्याच रॉयटरच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने 2007 साली महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या मोबाइलवर भाव, हवामान व पीकसल्ला मराठीतून धाडण्याची सेवा सुरू केली.

अशा खबरीचा लाभ किती होतो, हेही तपासले गेले आहे. आयटीसी कंपनीने 2000 साली मध्य प्रदेशात ‘ई-चौपाल’ सुरू केली. गावातील एका शेतकऱ्याच्या घरी संगणक बसवून मंडईचे भाव व कंपनीचा स्वतःचा खरेदीभाव दाखविण्याची ही व्यवस्था होती. अपराजिता गोयल ह्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की, ज्या भागांत ही केंद्रे उघडली तेथील मंडईंत सोयाबीनचा भाव एक ते तीन टक्क्यांनी चढला. केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल आल्यानंतर कोळ्यांना कोणत्या बंदरावर मासळीला गिऱ्हाईक आहे हे समुद्रातूनच कळू लागले. रॉबर्ट जेन्सन ह्यांच्या 2007 सालच्या अभ्यासानुसार कोळ्यांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली.

मात्र दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. महाराष्ट्रातील शंभर गावांत त्या मोबाइल-सेवेची कसोटी घेण्यात आली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शेतकऱ्यांना मिळालेल्या भावात सरासरीने ठळक फरक दिसला नाही. खबर कळणे एक आणि तिच्या बळावर काही करता येणे दुसरे. केरळच्या कोळ्याला नाव दुसऱ्या बंदराकडे वळविता येत होती. आपल्याला काय वळविता येईल, हा प्रश्न प्रत्येक दुकानदाराने आधी स्वतःला विचारावा.

आता प्रत्यक्ष रीत पाहू. गूगल कंपनीने 2003 साली सुरू केलेली ‘अलर्ट’ नावाची सेवा फुकट मिळते. आपण काही शब्द नोंदवून ठेवायचे; ते शब्द असलेला नवा मजकूर तिला सापडला की ई-मेलने सूचना येते. ती तत्काळ हवी, दिवसातून एकदा हवी की आठवड्यातून एकदा, हे आपणच ठरवावे. आपल्या दुकानाचे नाव, आपल्या धंद्याचे नाव गावाच्या नावासह आणि एखाद्या स्पर्धकाचे नाव, एवढ्या तीन नोंदी लहान धंद्यास पुरतात.

शब्द निवडताना सावधगिरी हवी. डहीचेच उदाहरण घ्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले हे नाव आणि हिंदीतील ‘दही’ हा शब्द एकसारखेच दिसतात. नुसते गावाचे नाव नोंदविणाऱ्याच्या पदरी कढी आणि रायत्याच्या पाककृती पडतील! म्हणून गावाबरोबर कुक्षी किंवा धार हा शब्द जोडावा, दुकानाचे पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घालावे आणि देवनागरी व इंग्रजी ह्या दोन्ही लिपींत वेगवेगळी नोंद करावी.

गूगलच्या नकाशावर ग्राहक जे अभिप्राय लिहितात, ते मात्र ह्या सेवेतून येत नाहीत. त्यासाठी नकाशावरील आपल्या दुकानाची नोंद पडताळणी करून स्वतःच्या ताब्यात घ्यावी लागते. तसे केले म्हणजे नवा अभिप्राय आल्याची सूचना मालकाला मिळू शकते आणि त्याला उत्तरही देता येते. स्पर्धकाच्या दुकानाचे अभिप्राय सर्वांना खुले असतात. ते अधूनमधून स्वतः उघडून वाचावेत. शेजाऱ्याकडे लोक उशिराने मिळणाऱ्या मालाविषयी तक्रार करीत असतील, तर आपण वेळ पाळावी. त्याच्या नम्रतेची वाखाणणी होत असेल, तर आपलीही जीभ गोड करावी.

येथे एक मोहही उभा राहतो. नातलगांकरवी स्वतःची स्तुती लिहविणे अथवा शेजाऱ्याच्या दुकानावर खोटा दोष टाकणे सोपे आहे. परंतु ती खोटी साक्षच होय, मग ती न्यायालयात दिलेली असो वा मोबाइलवर. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक प्रसिद्ध केले, त्याचे कारण अशा बनावट मजकुराचा सुळसुळाट हेच आहे. शिवाय लहान गावात कोणाचा हात कोठे आहे, हे फार दिवस लपत नाही.

खरी तक्रार आली तर दोन दिवसांच्या आत शांतपणे उत्तर द्यावे, चूक असल्यास भरपाई करावी आणि केलेली सुधारणा सांगावी. तक्रार खोटी असल्यास वस्तुस्थिती थोडक्यात मांडून गूगलकडे कळवावे. वाद वाढवू नये. घरातील शिकलेल्या मुलामुलींकडे हे काम सोपवून हाटाच्या आदल्या संध्याकाळी सर्वांनी मिळून आठवड्याच्या सूचना वाचाव्यात. अर्धा तास पुरे. उरलेला वेळ मालाची पारख, वजनाचा चोखपणा आणि दारी आलेल्या गिऱ्हाइकाची विचारपूस ह्यांसाठी राखावा. त्यांतूनच उद्याचे अभिप्राय लिहिले जाणार आहेत.