चमचाभर पाणी, अडलेलं विमान

जानेवारीतली पहाट. साडेचारलाच दिल्ली विमानतळावर पोचलो होतो. काजूगराच्या व्यापाऱ्यांकडची कामं आदल्या दिवशी उरकली होती. सकाळच्या विमानानं मुंबई, रात्री कोकणकन्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत संगमेश्वर रोड, असा बेत होता. सुरक्षा तपासणी झाली, चहा घेतला आणि फलकाकडे पाहिलं, तर वरपासून खालपर्यंत एकच शब्द: विलंब. काचेपलीकडे पिवळसर पांढरं काहीतरी दाटलं होतं. गेटला लागलेल्या आमच्याच विमानाचं शेपूट दिसत नव्हतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. "निघालास काय रे?" मी धुक्याचं सांगितलं. "हितं पण लय उतरलंय आज. पऱ्यापलीकडची कलमं दिसत नाहीत. मोहोर टिकतोय का बघायचा."

तिची काळजी खरी होती. अशा ओलसर, कोंदट दिवसांत आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आणि भुरी फावतात. पण माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न घुसला. धुकं इथंही आहे, तिथंही आहे. मग घरचं धुकं नऊ-साडेनऊला विरतं आणि दिल्लीचं कधीकधी दुपारपर्यंत का हटत नाही?

दोन्हीची सुरुवात सारखीच. निरभ्र रात्र, पडलेला वारा, ओलसर जमीन. ढगांचं पांघरूण नसलं की जमीन दिवसभराची ऊब आकाशात सोडून देते आणि तिला चिकटलेली हवा गार होते. ती दवबिंदूच्या तापमानाखाली उतरली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं. आमच्याकडे यात डोंगराची भर पडते. थंड हवा जड असते. ती रात्रभर उतारांवरून घरंगळत शास्त्री आणि सोनवीच्या खोऱ्यात येऊन साचते. म्हणून पौष-माघात पहाटे सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, उभं राहिलं की खाली पांढरं तळं दिसतं आणि त्यातून टेकड्यांचे माथे वर आलेले दिसतात. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ (2021) आणि गोव्यातला मोपाचा (2023 पासून उड्डाणं) दोन्ही सड्यांवर आहेत. हिवाळ्यातलं खोऱ्यातलं धुकं अशा जागांच्या बऱ्याचदा खालीच राहतं. आषाढात मात्र उलटं होतं. ढगच सड्यावर टेकतात, आणि जमिनीला टेकलेला ढग म्हणजेच धुकं.

दिल्लीभोवती खोरं नाही. सपाट मैदान आहे, पाणी पाजलेली गव्हाची शेतं आहेत आणि वर उबदार हवेचं झाकण आहे. त्या झाकणाखाली धुकं पंजाबपासून बिहारपर्यंत पसरतं. उपग्रहाच्या चित्रात हिमालयाच्या पायाशी कुणी पांढरी चादर अंथरल्यासारखं दिसतं.

आता या चादरीत पाणी किती? दहा बाय दहा फुटांची, दहा फूट उंचीची खोली दाट धुक्यानं भरली, तर सगळे थेंब गोळा करून साधारण चहाचा एक चमचा भरेल. एवढ्याशा पाण्यानं शेकडो माणसं अडकतात, कारण प्रश्न पाणी किती याचा नसून ते किती तुकड्यांत वाटलं गेलंय याचा आहे.

थेंब तयार व्हायला आधार लागतो. स्कॉटलंडच्या जॉन एटकेननं 1880 च्या सुमाराला एक साधा प्रयोग केला. एका भांड्यात नेहमीची हवा, दुसऱ्यात कापसातून गाळून घेतलेली. दोन्हींत वाफ सोडली. नेहमीच्या हवेत दाट धुकं झालं, गाळलेल्या हवेत झालंच नाही. धूळ, मीठ, धूर यांचे अतिसूक्ष्म कण नसतील तर वाफेला बसायला जागाच मिळत नाही.

हवेत कण जास्त असतील, तर तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं. समजा थेंबाची त्रिज्या निम्मी झाली. आकारमान एक अष्टमांश होतं, म्हणजे तेवढ्याच पाण्यात थेंब आठपट. प्रत्येक थेंबाचं प्रकाश अडवणारं क्षेत्र एक चतुर्थांश झालं, पण थेंब आठपट असल्यामुळे एकूण आडोसा दुप्पट होतो आणि दिसण्याचं अंतर जवळपास निम्म्यावर येतं. शिवाय बारीक थेंब खाली पडायलाही तयार नसतात. दहा मायक्रॉन त्रिज्येचा थेंब सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर उतरतो, पाच मायक्रॉनचा त्याच्या चौथ्या हिश्शानं. असं धुकं ऊनही जास्त परतवून लावतं, मग जमीन तापायला वेळ लागतो आणि धुक्याचा मुक्काम लांबतो. आईच्या कलमांवरचं धुकं आणि माझ्या समोरचं धुकं यांतला मोठा फरक इथं आहे.

दिल्लीच्या हवेत हे कण येतात कुठून? वाहनं, भट्ट्या, शेकोट्या हे माहीत असतं. आयआयटी मद्रासचे सचिन गुंठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये आणखी एक धागा दाखवला: क्लोराइड. प्लॅस्टिकचा कचरा जाळल्यानं आणि काही उद्योगांमुळे हवेत हायड्रोक्लोरिक आम्ल येतं. खतांतून आणि जनावरांच्या मलमूत्रातून आलेल्या अमोनियाशी त्याची गाठ पडते आणि थंड, दमट हवेत अमोनियम क्लोराइड कणांत जमा होतं. हे क्षार भयंकर तहानलेले. ते पाणी शोषून फुगतात. दिल्लीत दृश्यमानता घटते, त्यात सुमारे निम्मा वाटा या प्रक्रियेचा असल्याचं त्यांच्या अभ्यासात दिसलं.

हे वाचल्यापासून मला गावाकडची भीती वाटते. आमच्या भागातही हल्ली सकाळी कचऱ्याच्या ढिगाला काडी लावलेली दिसते आणि त्यात पालापाचोळ्यापेक्षा पिशव्याच जास्त असतात. खोऱ्यावर उबदार हवेचं झाकण असताना तो धूर वर जात नाही. घरांच्या कौलांच्या उंचीवर आडवा पसरतो आणि तिथंच थांबतो. हे थांबवणं आपल्या हातात आहे आणि त्याला यंत्र लागत नाही.

सव्वासातच्या आसपास सूर्य उगवला. आता सुटणार, असं सगळ्यांना वाटलं, आणि बाहेरचं आणखी कमी दिसू लागलं. हेही पुष्कळदा घडतं. पहिल्या उन्हानं तळाची हवा हलते, दवाची वाफ वर येते आणि ढवळल्यामुळे धुकं आधी जाड होतं, मग विरायला लागतं.

शेजारच्या गृहस्थांना राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. विमानं उतरत असल्याचं त्यांना फोनवर दिसत होतं, मग आपलं का उडत नाही? याचं उत्तर मला फार आवडतं. धावपट्टीच्या कडेला दिवा आणि संवेदक असलेली यंत्रं प्रकाश किती अडला हे मोजून किती मीटरपर्यंत दिसेल ते सांगतात. असंच 'दृष्टी' नावाचं भारतीय यंत्र बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेनं घडवलं आहे. योग्य यंत्रणेचं विमान आणि प्रशिक्षित वैमानिक असेल, तर दिल्लीत 50 मीटर दिसत असतानाही उतरता येतं, कारण रेडिओ लहरींची वाट धरून विमान स्वतःच उतरतं. उड्डाणाला मात्र साधारण 125 मीटर लागतात. तिथं वैमानिक डोळ्यांनी मधली रेषा आणि दिवे पाहत विमान सरळ ठेवतो, आणि काही बिघडलं तर त्याच पट्टीवर थांबवतो. त्यात या रेडिओ लहरींना अडथळा नको म्हणून दोन विमानांत जास्त अंतर ठेवावं लागतं. सगळं सुरू असूनही रांग तुंबते ती त्यामुळे.

धुकं आधी कळलं तर निदान माणसं घरून उशिरा निघतील. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे पाषाणच्या आयआयटीएमनं, याच विमानतळावर 2015-16 च्या हिवाळ्यात 'वायफेक्स' हा प्रयोग सुरू केला. सचिन घुडे त्याचं नेतृत्व करतात. जमिनीचं तापमान, ओलावा, वारा, कण, थेंब यांची तिथं रात्ररात्र मोजणी होते. काम चिवट आहे. तापमानाचा अंदाज एखाद्या अंशानं चुकला, तरी दाट धुक्याऐवजी नुसती थंड, स्वच्छ सकाळ उगवते. तरीही 200 मीटरच्या खालच्या धुक्याचा अंदाज आता 85 टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर येतो. पुण्यात बसून दिल्लीची पहाट ओळखणाऱ्या या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

साडेनऊला आम्ही निघालो. चाकं सुटली आणि जेमतेम पंधरा सेकंदांत खिडकीत लख्ख ऊन आलं. एवढीच त्याची उंची होती. खाली क्षितिजापर्यंत सपाट पांढरं, त्यावर आमच्या विमानाची सावली.

दुसऱ्या पहाटे संगमेश्वर रोडला उतरलो, तेव्हा फलाटावरचे दिवे ओल्या कापसात गुंडाळल्यासारखे दिसत होते. श्वास घेतला तर मातीचा आणि काटक्यांच्या धुराचा वास. नऊच्या सुमाराला ऊन आलं. ते धुक्यातून जमिनीपर्यंत पोचलं, जमीन तापली आणि धुकं खालून विरत गेलं. आधी पऱ्या मोकळा झाला, मग कलमांचे बुंधे, शेवटी पलीकडचा डोंगर. आई कलमाखाली उभी राहून मोहोर हातात घेऊन बघत होती. तिनं फांदी सोडली आणि पानांवर जमलेले थेंब टपटप आमच्या दोघांच्या डोक्यावर पडले.