प्रसादाची भाकर आणि गव्हाचे वावडे

माझ्या दवाखान्यात येणारी एक मुलगी नऊ वर्षांची झाली तरी सहा वर्षांचीच वाटे. पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, वरचेवर पातळ शौच आणि अंगात रक्त कमी. मी जंताचे औषध दिले, लोहाची टॉनिके दिली. वर्ष उलटले तरी हिमोग्लोबिन वाढेना, तेव्हा कुठे शंका आली. रक्ताची टीटीजी चाचणी केली, शहरात पाठवून दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा तपासला. निदान झाले सिलिअ‍ॅक आजाराचे. ही शंका मला आधीच यायला हवी होती, हे कबूल केले पाहिजे.

गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर येणारा चिवटपणा त्याचाच. या रुग्णांच्या पोटात ग्लुटेन गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरचे मखमलीसारखे अंकुर झिजतात आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. जन्मभर ग्लुटेन बंद, हाच उपचार.

पोळी, पाव, बिस्किटे, शेवया बंद झाल्या. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि भात सुरू झाला. मुलीच्या गालांवर रंग दिसू लागला. मग एके दिवशी तिची आई आणि आजी आल्या. घर कॅथलिक. मुलीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तारीख ठरली होती आणि प्रसादाची भाकर म्हणजे गव्हाच्या पिठाची पातळ चकती.

आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, नखाएवढी जाड नाही ती. देवाच्या प्रसादानं कधी कुणाचं वाईट होतं का?"

"तेवढीशी चालेल" असे माझ्या ओठांवर आले होते. पण हिशेब केला. चकती साधारण पाव ग्रॅमची. पिठात सुमारे एक दशांश ग्लुटेन धरले तरी पंचवीस मिलिग्रॅम होते. रुग्णाच्या पोटात दिवसाला दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. २००४ साली इटलीतील डॉक्टरांनी एका रुग्ण स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. पथ्य कडक, तरी आतडे बरे होईना. शोध घेता ती रोज प्रसादाच्या चकतीचा लहानसा तुकडा घेत असल्याचे कळले. त्यातून जेमतेम एक मिलिग्रॅम ग्लुटेन जात होते. तो थांबवल्यावर आतडे सुधारले. म्हणून "अर्धीच घे" हा उपाय नव्हे.

मग मी आजींना घेऊन त्यांच्या फादरांकडे गेलो. त्यांनी नियम समजावून सांगितला. २००३ च्या आणि पुन्हा २०१७ च्या व्हॅटिकनच्या पत्रानुसार प्रसादाची भाकर गव्हाचीच हवी. तांदळाची किंवा पूर्ण ग्लुटेनमुक्त चकती चालत नाही. मात्र अत्यल्प ग्लुटेनची गव्हाची चकती बिशपांच्या परवानगीने चालते. अमेरिकेतील मिसूरी राज्यातील बेनेडिक्टाइन सिस्टरांनी शंभरात ०.०१ भागापेक्षाही कमी ग्लुटेनची चकती तयार केली आहे. पाव ग्रॅमच्या अशा चकतीतून एक मिलिग्रॅमचा चाळिसावा भागही जात नाही. तीही सोसत नसेल, तर नुसता द्राक्षारस घेता येतो. "एकच घेतले तरी ख्रिस्तप्रसाद पूर्णच असतो," फादर म्हणाले. आजींच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरला. अमेरिकेची चकती वेळेवर मिळण्यासारखी नव्हती. द्राक्षारसाचा एक घोट ठरला.

पण प्यालाही आपोआप सुरक्षित नसतो. मिस्सेत फादर चकतीचा तुकडा मोडून प्याल्यात घालतात. शिवाय चकती खाल्लेली माणसे त्याच प्याल्याला ओठ लावतात. म्हणून पुढील काळजी घ्यावी:

१. धर्मगुरूंना आधी भेटून आजार सांगावा. आयत्या वेळी रांगेत नव्हे.

२. रुग्णासाठी वेगळा लहान प्याला ठेवावा. त्यात चकतीचा तुकडा घालू नये, भाकर बुडवू नये.

३. कमी ग्लुटेनची चकती असेल तर ती झाकणाच्या वेगळ्या डबीत ठेवावी. साध्या चकत्यांना लागलेल्या हाताने ती देऊ नये. रुग्णाने डबीतून स्वतः उचलावी.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या भाकरीविषयी सर्वत्र एकच नियम नाही. काही ठिकाणी तांदळाची भाकरही चालते. आपल्या पाळकांना विचारावे. तिथेही ताटली वेगळी हवी.

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती घरांचा नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा गव्हाच्या रव्याचाच असतो. बाजारच्या बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते.

एक सूचना: केवळ शंकेवरून गहू सोडू नका. आधी सोडला तर तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. मुलाची वाढ खुंटली असेल किंवा औषध देऊनही रक्त वाढत नसेल, तर डॉक्टरांना सिलिअ‍ॅकबद्दल जरूर विचारा.

त्या रविवारी आमची पेशंट पांढऱ्या झग्यात इतर मुलांबरोबर रांगेत उभी राहिली आणि तिच्या छोट्या प्याल्यातून एक घोट घेतला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन तोंड वाकडे करत म्हणाली, "आंबट होतं!" आजी मात्र हसत होत्या.